मराठी प्रेमाला बसायला जागा कुठंय? (झेड ब्रिजवर सुचलेला धागा)

खिडकीतली_मनी | शनिवार, रात्री १०:४२

परवा आईची दाढ काढून आणत होते. नारायण पेठेतून डेक्कनला यायचं म्हणून झेड ब्रिज घेतला आणि चुकलं, कारण संध्याकाळचे साडेसात वाजलेले, म्हणजे पूल भरायची वेळ. दोन्ही कठड्यांना ओळीनं टू-व्हीलर लावलेल्या, प्रत्येकीवर दोघं, तोंडं नदीकडं आणि पाठी आपल्याकडं. मुलींचे स्कार्फ आपले पुणेरी पद्धतीचे, डोळे सोडून सगळं गुंडाळलेलं. आता साडेसातला कसलं ऊन आलंय, पण उन्हापेक्षा ओळखीचे जास्त लागतात ना. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "एवढ्या सगळ्यांना घरी दागा नाही का गं?" (तोंडात कापूस होता.) मी म्हटलं, असती तर नदीच्या वासात कशाला बसली असती.

घरी आल्यावर आईनं मालिका लावली. हॉलमध्ये अकरा माणसं उभी, मी मोजली, आणि त्या गर्दीत तो नवीन लग्न झालेला तिला नजरेनं काहीतरी सांगायला बघतोय, तेवढ्यात कुणीतरी आत्या किंचाळली आणि ब्रेक. मला वाटलं पुलावरच्या पोरांचं काय आणि ह्या दोघांचं काय, दुखणं एकच.

आपल्याकडं चर्चा होते ती प्रेम किती बोल्ड झालं याची, पहिला किस कुणी दिला वगैरे, मला त्यात फारसा रस नाही. मला विचारायचंय की आपल्या सिनेमात, मालिकांत, कादंबऱ्यांत प्रेम करणारी दोघं बसतात कुठं? आणि ती जागा बदलत गेलीय का? माझ्याकडून दोन. 'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०), अख्खा सिनेमा ती दोघं पुण्याच्या रस्त्यांवर फिरतायत, त्यांना धड नावंसुद्धा नाहीत. आणि 'डबल सीट' (२०१५), ह्यात तर लग्न झालेलंय, रीतसर नवराबायको, पण लालबागच्या चाळीतलं घर आणि घरात सगळे, त्यामुळं धड बोलायला कोपरा नाही. म्हणजे लग्नाआधी रस्ता आणि लग्नानंतरही रस्ताच.

येऊ द्या. आई म्हणतेय "जुनं पण लिही", पण जुनं म्हणजे नक्की काय ते सांगत नाहीये.

मिसळ_विदाऊट_रस्सा | शनिवार, रात्री १०:५०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. माझी जागा धरून ठेवा.

खिडकीतली_मनी | शनिवार, रात्री १०:५१

विषयच तो आहे अरे, नाहीये जागा :)

सदाशिवपेठी_१ | शनिवार, रात्री ११:१५

विषय चांगला आहे पण रोख पटला नाही. पूर्वी जागेची गरज नव्हती कारण संयम होता. नायिकेनं मान खाली घालून "इश्श" म्हटलं की प्रेक्षकाला कळायचं, पुढचं ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. आता सगळं दाखवायचंच म्हटल्यावर खोली लागणारच. वेब सिरीज तर घरात चारचौघांत लावायची सोय राहिली नाही. आणि झेड ब्रिजवर टू-व्हीलर उभ्या करणं हा वाहतुकीचाही प्रश्न आहे, त्यावर कुणी बोलत नाही.

जुनी_पुस्तकं | शनिवार, रात्री ११:५८

काका, हलके घ्या, पण ते संयमाचं राहू द्या. १९३८ साली 'ब्रह्मचारी'त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या, पटकथा अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं. तुमच्याआमच्या आजोबांनी तो बघितलेला असणार आणि घरी सांगितलेलं नसणार. त्याच्या आदल्या वर्षी प्रभातचा 'कुंकू'. तो तर इथलाच, आज जिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथं प्रभातचा स्टुडिओ होता. म्हातारा बिजवर, फसवून लावून दिलेलं लग्न, आणि ती नीरा म्हणते हे लग्न मला मान्य नाही आणि नवऱ्याला जवळ फिरकू देत नाही. तुमच्या जागेच्या हिशोबात बोलायचं तर इथं घर आहे, खोली आहे, समाजाची परवानगी आहे, फक्त बाईची इच्छा नाही. १९३७ ला पुण्यात बसून हे सांगितलंय आणि आपण अजून इश्शवर अडलोय.

आता पुस्तकांचं, जरा लांब होईल. ना. सी. फडक्यांच्या मंडळींना हा प्रश्नच नव्हता. सुखवस्तू, शिकलेली, देखणी माणसं, त्यांना भेटायला निवांत संध्याकाळी लेखकच पुरवायचा. आमच्या आत्यानं त्या कादंबऱ्या मॅट्रिकच्या गणिताच्या पुस्तकात घालून वाचल्या, आणि तिचं सासर म्हणजे दोन खोल्यांत नऊ माणसं. त्यामुळं फडके म्हणजे नुसतं स्वप्नरंजन असं प्राध्यापक लोक म्हणतात ते बरोबर असेलही, पण त्या नऊ माणसांत बसून तिनं ते वाचलं हे पण धरायला पाहिजे.

मला खरी मजा वाटते ती विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'ची (१९३९). मराठीतलं इतकं उघडं, देहासकट असलेलं प्रेम, आणि ते घडतं कुठं? बोटीवर! युरोपातून परत येणारा चक्रधर आणि हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू हॅर्टा. जमीन कुठली नाहीच पायाखाली. बोट मुंबईला लागते, हा उतरतो, तिला पुढं जायचंय, संपलं. म्हणजे मराठी माणसाला मोकळेपणानं प्रेम करायला अख्खा समुद्र मध्ये घालावा लागला. आणि ह्याच बेडेकरांची पत्नी म्हणजे मालतीबाई, विभावरी शिरूरकर या नावानं लिहिणाऱ्या. त्यांच्या 'कळ्यांचे निःश्वास'मधल्या (१९३३) शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींना ना बोट ना बंगला. वडिलांच्या घरातच बसायचं आणि उसासे टाकायचे. त्यावरूनही केवढा गदारोळ, ही बाई आहे तरी कोण म्हणून.

मग १९६३ ला 'कोसला'. तरुण पोरगा, पुण्यातलं होस्टेल, घरापासून लांब, म्हणजे पहिल्यांदा जागा मिळाली म्हणायची, आणि प्रेमप्रकरण म्हणावं असं काही नाहीच त्यात. मी एकोणिसाव्या वर्षी वाचली तेव्हा जाम वैतागलो होतो. आता पन्नाशीत वाटतं तेच खरं होतं, आमच्याही होस्टेलात तसंच होतं, गप्पाच नुसत्या.

गौरी देशपांडेंवर उद्या लिहितो, डोळे मिटतायत.

मिसळ_विदाऊट_रस्सा | रविवार, सकाळी ८:०४

बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत). रणांगण मागवतोय आज.

कॉलशीट | रविवार, सकाळी ९:३०

नऊ वर्षं मालिकांच्या प्रॉडक्शनमध्ये काढलीत, आता पुण्यात परत आलोय, तर त्या हॉलमधल्या अकरा माणसांचं मी सांगतो.

हॉलचा सेट लागलेला असतो, लाइट वरून बांधलेले असतात, कॅमेरे तिथंच असतात. अर्ध्या तासाच्या स्लॉटला रोज साधारण बावीस मिनिटं द्यायची, एपिसोडची बँक (आधीच शूट करून ठेवलेले भाग) असावी असं सगळे म्हणतात, प्रत्यक्षात कधी कधी सकाळी सीन हातात येतो आणि उद्या टेलिकास्ट असतं. अशात त्या दोघांना टेकडीवर न्यायचं म्हटलं तर परवानगी, जनरेटर, व्हॅनिटी, बघ्यांची गर्दी, साउंडची बोंब, अर्धा दिवस गेलाच. आणि तारखा घेतलेले कलाकार आहेत तर ते सगळे फ्रेममध्ये उभे करायचे, सासऱ्यांना वाक्य नसलं तरी पेपर धरून उभे. म्हणून प्रेम हॉलमध्ये, फार फार तर स्वयंपाकघरात.

पण नुसतं पैशाचं नाही. एक गंमत लक्षात घ्या, मालिकेत आधी लग्न लागतं आणि प्रेम मागून येतं. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' (२०१२) मध्ये कराराचं लग्न. 'जुळून येती रेशीमगाठी' (२०१३) मध्ये तिचं मन दुसरीकडं असताना झालेलं लग्न. असं का करतात? कारण लग्न लागलं की खोली मिळते! खोली कायदेशीर, सासूनं स्वतः फुलं लावून दिलेली, आता त्या खोलीत दोन परके लोक ठेवा आणि वर्षभर हळूहळू प्रेमात पाडा, कुणाची तक्रार नाही. मग त्या खोलीत एक सोफा लागतो. तो सोफा फार महत्त्वाचा आहे, नायक त्यावर झोपतो. आमच्याकडं आर्ट डिपार्टमेंटला आधीच सांगून ठेवायचे, सोफा मोठा घ्या, सहा महिने झोपायचंय त्याला त्यावर. एका मालिकेत दोन सीटचा आला, आमचा हीरो सहा फुटी, त्याचे पाय बाहेर यायचे, मग पांघरूण जास्त लांब घेऊन ते झाकायचे.

आणि तो घसरण्याचा सीन. फरशीवर तेल सांडतं, ती घसरते, तो झेलतो, तीन कॅमेऱ्यांतून तीनदा, वर टायटल ट्रॅक. लोक हसतात त्याला. पण त्याचं कारण साधं आहे, स्पर्श तर हवाय, इच्छा कुणाची दाखवायची नाहीये. तेलानं केलं, तिनं नाही केलं, त्यानंही नाही केलं. मी असे कमीत कमी चाळीस घसरण्याचे सीन शूट केले असतील, आणि खरं तेल कधीच वापरत नाहीत, पाणी आणि ग्लिसरीन.

खिडकीतली_मनी | रविवार, सकाळी ९:५२

कॉलशीट, दंडवत. "तेलानं केलं" हे आईला वाचून दाखवलं, ती दाढेमुळं हसू शकत नव्हती, रडली.

गॅसवरदूध | रविवार, सकाळी ११:२०

सगळ्या मालिका एका माळेत नका ओवू हो. 'दिल दोस्ती दुनियादारी' (२०१५) आठवा की, मुलं-मुली एका फ्लॅटमध्ये, घरचं मोठं कुणी नाही, त्या जागेला नाव मात्र 'माजघर'! मला ते नाव अजून आवडतं, माजघर म्हणजे जिथं बायका असायच्या आणि पुरुष जेवायला यायचे, तिथं ही पोरं पसरून बसलेली. आणि वेबवर 'आणि काय हवं' (२०१९). जुई आणि साकेतचं घर, सासू फोनवर, सासरे फोनवर, घरात फक्त दोघं. काहीही घडत नाही त्यात. भांडतात, पुरणपोळी, गाडी घेतात. मी आणि नवरा जेवताना लागोपाठ सगळं बघितलं आणि नंतर बराच वेळ गप्प बसलो, कारण आमच्या घरी आम्ही दोघंच आहोत पण दोघंही फोनमध्ये. जागा मिळून उपयोग काय ते पण लिहा कुणीतरी.

बार्शीकर_पुण्यात | रविवार, दुपारी १:०५

धागा सकाळपास्नं वाचतोय. एक बोलू का, राग नका मानू. पुण्यामुंबईच्या लोकांना प्रेमाला खोली पाहिजे, चाळ, फ्लॅट, सोफा. आमच्याकडं जागा लई. ऊस आहे, विहीर आहे, तळं आहे, सहा महिने कुणाला पत्ता लागत नाही. जागा कमी कधीच नव्हती. आमच्याकडं प्रश्न आहे की आडनाव काय.

'सैराट' (२०१६) आमच्याच बाजूचा, करमाळ्याकडचा. पहिला अर्धा भाग बघा, किती मोकळी जागा आहे त्यात, विहिरीत उडी, शेतातनं पळणं, आर्ची बुलेटवर, ट्रॅक्टरवर. पुण्यात थेटरात लोक झिंगाटला पडद्यापुढं नाचत होते, मी पण नाचलो, नाही म्हणत नाही. मराठीत पहिल्यांदा शंभर कोटी ओलांडले म्हणून पेढे वाटले. पण मधल्या सुट्टीनंतर बघा. हैदराबादची झोपडपट्टी, पत्र्याची खोली, आर्चीला तिथलं पाणी जात नाही, संडासला जायचं अवघड. पार्श्या संशय घेतो, रस्त्यात थोबाडीत मारतो. पहिल्यांदा त्यांना चार भिंती मिळाल्या आणि तिथं प्रेम उघडं पडलं. मग ते परत उभं करतात हळूहळू, काम करतात, पोरगं होतं, नीटनेटकं घर होतं. आर्ची दारात रांगोळी काढत असते तवा माहेरची माणसं येतात, आईनं दिलेल्या वस्तू घेऊन. ती चहा टाकते. पुढचं माहितीय सगळ्यांना. म्हणजे जागा मिळवली, कष्टानं मिळवली, आणि त्याच घरात घुसून मारलं. आमच्या हॉस्टेलच्या पोरांपैकी निम्मी पोरं थेटरातनं बाहेर आल्यावर बोलत नव्हती. बाकीची गाणी म्हणत होती. कोण बोलत नव्हतं आणि कोण गात होतं ते मी नीट बघून ठेवलंय.

'फँड्री' त्याच्या आधीचा, २०१४ च्या व्हॅलेंटाइन डेला लावला होता, काय डोकं आहे नागराजचं. जब्या आणि शालू एक वाक्य बोलत नाहीत एकमेकांशी. त्यांना बसायला जागा कुठली, त्याला तिच्यापुढं उभं राहायला जागा नाही. शाळेच्या मागं घरच्यांबरोबर डुकरं धरायला लागतात आणि ती बघत असते. बोला आता सोफ्यावर.

सदाशिवपेठी_१ | रविवार, दुपारी १:४०

जात सगळीकडे आणलीच पाहिजे का? प्रेमाच्या धाग्यात तरी नको.

बार्शीकर_पुण्यात | रविवार, दुपारी १:४४

मी आणली नाही काका, ती आधीच येऊन बसलेली असते. जागा धरून.

जुनी_पुस्तकं | रविवार, दुपारी ३:१०

बार्शीकर, कान पकडले. माझी कालची यादी परत वाचली, एक 'रणांगण' सोडलं तर सगळी माणसं एकाच थरातली निघाली, आणि हॅर्टासाठी सुद्धा जर्मनीपर्यंत जावं लागलं, शेजारच्या आळीत नाही गेलं कुणी. फार वर्षं सिनेमात आपण गरीब-श्रीमंत एवढंच म्हणत राहिलो, जात हा शब्द तोंडातून काढला नाही. जातीबाहेरचं, मर्यादेबाहेरचं प्रेम दाखवायचं झालं की ते फडावर न्यायचं. 'पिंजरा'तले (१९७२) मास्तर बघा, गावात आदर्श शिक्षक, तमाशातल्या बाईच्या ओढीनं उद्ध्वस्त होतात. इच्छा नेहमी गावाबाहेरच्या तंबूत. तंबू उपटला की गाव परत स्वच्छ. तमाशावरचाच 'सांगत्ये ऐका' पुण्यात विजयानंद थिएटरला १३१ आठवडे चालला, आणि बघणारी सगळी वाड्यांतली.

गौरीबद्दल म्हणालो होतो. 'एकेक पान गळावया' १९८० चं. तिच्या बायका नवरा, प्रियकर, मित्र ह्यांच्याशी काय वाटेल ते बोलतात, आणि मुख्य म्हणजे उठून निघून जाऊ शकतात. दार त्यांच्या हातात असतं. माझ्या बायकोनं लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ते पुस्तक वाचून मला विचारलं होतं, "तू मला कंटाळलास तर सांगशील ना?" मी काय उत्तर दिलं आठवत नाही, तिला आठवतं. आता कुणी म्हणेल विमानाची तिकिटं काढता येणाऱ्या बायकांच्या गोष्टी आहेत त्या. आहेतच. तरीपण.

शनिवारवाडा_आजी | रविवार, संध्याकाळी ५:२५

नातवानं मराठी टायपिंग लावून दिलंय, चुका असतील.

मी एकाहत्तर वर्षांची आहे. लग्न १९७६ ला झालं, शनिवार पेठेत वाड्यात दोन खोल्या, आम्ही आठ जण. मी ह्यांना अहो म्हणायची, नावानं कधी हाक मारली नाही, अजून नाही. सासूबाई मधल्या दारात झोपायच्या कारण तिथं वारा यायचा. त्या वाईट नव्हत्या, वाराच तिथं यायचा.

तर आम्हाला जागा होती ती सिनेमा थिएटरची. दर पंधरा दिवसांनी शनिवारी सहाचा खेळ, प्रभात नाहीतर विजय. तीन तास शेजारी शेजारी बसायचं, अंधारात, कुणी हाक मारत नाही. मध्यंतरात हे खारे शेंगदाणे आणायचे, पुडी माझ्या हातात आणि मग सिनेमा संपेपर्यंत ह्यांचा हात त्या पुडीत. सासूबाई विचारायच्या काय होती गोष्ट, मी काहीतरी जुळवून सांगायची. एकदा पकडलं त्यांनी, कारण तो सिनेमा त्यांनी भजनी मंडळाबरोबर आधीच बघितला होता. काही बोलल्या नाहीत. पुढच्या शनिवारी म्हणाल्या, आज लांबचा असेल ना गं सिनेमा, नवाचा बघा.

पडद्यावर प्रेम कसं दाखवायचे ते तुम्ही विचारताय तर मी काय सांगू, आम्ही बघत नव्हतो.

गॅसवरदूध | रविवार, संध्याकाळी ५:३१

आजी!!! "वाराच तिथं यायचा"

मिसळ_विदाऊट_रस्सा | रविवार, संध्याकाळी ५:३३

आता ह्यावर कोण काय लिहिणार. धागा इथं बंद करा.

टेकडीवरचा | रविवार, रात्री ९:१८

बंद नका करू, माझं राहिलंय. तीन वेळा लिहून खोडलं.

आमच्यासारख्यांची एक वेगळी गंमत आहे. दोन मुलगे एका खोलीत राहिले तर पुण्यात कुणी काही विचारत नाही, उलट घरमालक खूश, मुली नाहीत ना येत जात. म्हणजे जागा सहज मिळते पण नाव मिळत नाही. आम्ही सहा वर्षं 'रूममेट' आहोत. गणपतीत मालकीणबाई मोदक देतात दोघांना, एकाच डब्यात.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) मी बारावीत असताना लायब्ररीतून आणली, मागचं कव्हर वाचून, धडधडत. मराठी मध्यमवर्गीय घर, वरची खोली भाड्यानं दिलेली, त्यात एक पेइंग गेस्ट येतो आणि घरातला मुलगा आणि मुलगी दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. तो निघून जातो आणि खोली उरते. बहिणीचं दुःख घरातल्यांना दिसतं, त्यावर ओरडतात, डॉक्टरकडं नेतात, म्हणजे ते दुःख आहे असं मान्य तरी करतात. भावाच्या दुःखाला कुणी विचारतच नाही. हे मला तेव्हा एवढं लागलं होतं की पुस्तक दोन महिने परत केलं नाही, दंड भरला. २०२२ ला त्यांनीच त्याचा हिंदी सिनेमा केला तर ते घर केरळात गेलं. सिनेमा सुंदर आहे दिसायला, पण माझं घर मला त्यात दिसलं नाही.

तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ चं, तेव्हा स्टेजवर एक मुलगी दुसऱ्या मुलीवर प्रेम करते. १९८१! आणि मग किती वर्षं शांतता. मालिकांत आम्ही आलो तर विनोदाला, कंबर हलवायला.

म्हणून 'साबर बोंडं'. रोहन कानवडेचा, २०२५ ला सनडान्सला मोठं ज्युरी पारितोषिक मिळालं. वडील गेलेत, मुंबईचा आनंद दहा दिवस गावी, नातेवाईकांनी भरलेलं घर, प्रत्येक जण विचारतोय लग्न कधी. आणि लहानपणीचा मित्र बाळ्या, शेळ्या घेऊन रानात. बार्शीकर म्हणाले तसंच, जागा रानात आहे. पण मला रडू आलं ते रानातल्या सीनला नाही आलं, आईला आलं. तिला माहितीय. ती त्याबद्दल भाषण देत नाही, फक्त नातेवाइकांपुढं लेकाची बाजू सांभाळत राहते. आम्ही दोघं गेलो होतो बघायला, थिएटरात बारा-तेरा लोक. माझ्या पुढच्या रांगेत एक काकू एकट्या आलेल्या, संपल्यावर मागं वळून आमच्याकडं बघितलं, आणि "मुलांनो, छत्री आहे ना?" म्हणाल्या. बाहेर पाऊस होता. एवढंच.

शनिवारवाडा_आजी | रविवार, रात्री ९:४०

बाळ, एका डब्यात देते म्हणजे त्या बाईला कळलेलं आहे.

टेकडीवरचा | रविवार, रात्री ९:४१

असं वाटतं तुम्हाला?

शनिवारवाडा_आजी | रविवार, रात्री ९:४४

पुण्यात दोन भाडेकरूंना मोदक मोजून दोन डब्यांत देतात.

खिडकीतली_मनी | सोमवार, सकाळी ७:१०

मी काल रात्री हे सगळं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं, टेकडीवरचा तुमचं पण, चालेल ना. ती ऐकून म्हणाली की 'अग्गंबाई सासूबाई' (२०१९) बद्दल कुणी का नाही लिहिलं. सुनेनं सासूचं लग्न लावलेलं, नवरा शेफ. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मला तेव्हाचं आठवतं, शेजारच्या काकू आल्या की आई चॅनल बदलून बातम्या लावायची आणि काकू गेल्या की परत तेच. मी चिडवायचे. काल मी विचारलं, का गं बदलायचीस? तर म्हणाली, "त्या म्हणाल्या असत्या, ह्या वयात काय हे, आणि मला हो म्हणावं लागलं असतं."

'आई कुठे काय करते'मधल्या अरुंधतीनं घटस्फोटानंतर लग्न केलं तोपर्यंत मात्र ती काकूंसमोरच बघायला लागली होती. दोघी मिळून अनिरुद्धला शिव्या द्यायच्या.

"जुनं" काय ते पण कळलं. लग्न ठरल्यावर बाबा तिला सारसबागेत भेटायला आले होते, बरोबर मामा होता, नऊ वर्षांचा, पाळतीवर. बाबांनी त्याला भेळ घेऊन दिली, मग दुसरी भेळ, मग आईस्क्रीम. मामाला रात्री उलट्या झाल्या आणि आजीनं बाबांनाच बोल लावला.

कॉलशीट | सोमवार, सकाळी ९:०५

अवांतर वाटेल, पण जागेवरूनच आठवलं. मराठीतला सगळ्यात लाडका सिनेमा कुठला, 'अशी ही बनवाबनवी' (१९८८). त्याची गोष्ट काय? पुण्यात चार बॅचलरांना राहायला जागा मिळत नाही, घरमालकीण फक्त जोडप्यांना देते, म्हणून दोघं साड्या नेसतात. सगळा सिनेमा भाड्याच्या खोलीवर उभा आहे! आपण पस्तीसेक वर्षं हसतोय आणि पुण्यातल्या जाहिराती अजून तशाच, 'फक्त फॅमिलीला'.

बार्शीकर_पुण्यात | सोमवार, सकाळी ९:३८

त्यावर हसू येईना मला, सांगतो का ते. आम्ही दोघं सध्या फ्लॅट बघतोय. ती माझ्या जातीतली नाही, दोन्ही घरी अजून सांगितलेलं नाही. स्पेशल मॅरेज ॲक्टखाली नोटीस दिलीय, तीस दिवस थांबावं लागतं, आणि ती नोटीस ऑफिसच्या बोर्डवर लावतात, दोघांची नावं, पत्ते. सिनेमात प्रेम लपवतात, इथं सरकार भिंतीवर लावतं. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी जाऊन बघून येतो, बोर्डापुढं कोण उभं आहे का. शुक्रवारी एक माणूस वाचत होता, माझे पाय थरथरले, तो दुसऱ्याच कुणाचं तरी बघायला आलेला निघाला, भाचीचं.

आणि फ्लॅट. पहिल्यानं विचारलं फॅमिली आहे का, म्हटलं सतरा दिवसांनी होईल, म्हणाला मग सतरा दिवसांनी या. दुसऱ्यानं आडनावं विचारली, दोन्ही, ऐकून घेतली आणि म्हणाला कळवतो. तिसरीकडं सोसायटीच्या सेक्रेटरीनं लग्नाचा फोटो मागितला, म्हटलं अजून काढला नाही.

सदाशिवपेठी_१ | सोमवार, सकाळी १०:२०

बार्शीकर, भाड्याचं बजेट किती आहे? माझी एरंडवण्यात वरची खोली आणि स्वयंपाकघर आहे, मुलगा बंगळुरूला गेल्यापासून बंद आहे. गच्ची वापरता येईल. पाणी सकाळी सहा ते आठ. गाडी आत लावावी लागेल, रस्त्यावर नाही. फोटो वगैरे नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.